मार्फत कमळा मनसाराम

सकाळची बॅच सुटली, पोरी दाराशी आपापल्या चपला शोधायला लागल्या, आणि मी रोजच्यासारखा मेल उघडला. दोनशे बारा पत्रं. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाईला दिवसाकाठी तीन-चार पत्रं येतात, त्यातलं एक प्रिंटरच्या शाईवाल्याचं असतं. मला वाटलं, मशीन बिघडलं. पहिलं उघडलं तर वर, प्रिय मनसाराम. मनसाराम म्हणजे माझे बाबा. ते मागच्या पोळ्याच्या आधी गेले, आणि होते तोवर त्यांना कोणी प्रिय म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. दुसरं, प्रिय चंदाबाई. ती माझी आई. मग प्रिय धनराज, माझा भाऊ. प्रिय लटारू, प्रिय गुणाबाई, प्रिय दसरू, सगळं गाव एकेक करून माझ्या स्क्रीनवर उतरत होतं आणि प्रत्येकाच्या नावाखाली तोच इंग्रजी मजकूर. नागपूरच्या कुठल्याशा मेल पाठवणाऱ्या कंपनीचा. तीनदा वाचला तेव्हा कुठे अर्थ लागला. दोन वर्षांपूर्वीच्या आरोग्य शिबिरात तुम्ही दिलेली माहिती, म्हणजे नाव, वय, गाव, फोन आणि रक्ततपासणीचा निकाल, आमच्या कॉम्प्युटरमधून अनोळखी लोकांच्या हाती लागली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. गैरसोय म्हणे. नळाला पाणी न येणं ही गैरसोय. मी खाली खाली सरकत गेले आणि मधेच कुठेतरी हात थांबला. प्रिय आचल. आचल माझी भाची, धनराजची मोठी. तिचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं, आणि तिच्या रक्तात काय आहे ते घरादारात माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. आता ते कोणा परक्यांना माहीत झालं होतं. एक पोरगी विसरलेली ओढणी घ्यायला परत आली, तिच्यावर मी उगाच खेकसले.

हे कसं झालं ते सांगते, लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. आमचं गाव सिंदेवाहीच्या रस्त्याला, फाट्यावरून आत तीन किलोमीटर. समोर मालगुजारीच्या काळचा तलाव, त्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आम्हा ढिवरांची घरं, पलीकडे धानाच्या बांध्या. माझ्या लहानपणी पोस्टमन गावात शिरला की आमच्या घरापलीकडे जायचा नाही. वाटेत पहिलं घर आमचं, आणि बाबा तलावावरून आलेले असले की त्याच्या पिशवीत चार मासे पडायचे. त्यामुळे सगळ्या गावाचा पत्ता एकच झाला, मार्फत मनसाराम ढिवर. पत्रं वाचायची मी. तिसरीत असल्यापासून. माणसं अंगणात येऊन उकिडवी बसायची, मी उभी राहून वाचायची, आणि फार लवकर मला कळलं की पत्रात असतं ते सगळंच वाचायचं नसतं. लटारूभाऊच्या पोरानं भिलाईहून लिहिलं होतं, मी आता येणार नाही, माझी वाट पाहू नका. मी वाचलं, काम लई आहे, जमलं की येतो. लटारूभाऊ उठला तेव्हा हसत होता. नंतर मी बाबांना खरं काय ते सांगितलं तर ते जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाले, बरं केलं माय. ती शाबासकी मला शाळेतल्या कुठल्याही नंबरापेक्षा मोठी वाटली होती. आता वाटतं त्यांनी तेव्हा एक ठेवून द्यायला हवी होती.

तर शिबिर. सन दोन हजार सातचा जानेवारी. एक संस्था जिल्हा परिषदेच्या शाळेत सिकलसेलची तपासणी करायला आली. सिकलसेल म्हटलं की आमच्याकडे बायका गप्प होतात, कारण ज्या घरात तो निघाला त्या घरच्या पोरी कोणी करत नाही. खरं तर त्यात भिण्यासारखं अर्धंच आहे. ज्याच्या रक्तात तो दोष अर्धा असतो त्याला सहसा काही होत नाही, तो नांगरतो, जाळं टाकतो, म्हातारा होऊन मरतो. पण नवऱ्यात अर्धा आणि बायकोत अर्धा असला, तर पोटी येणाऱ्या दर लेकराला पूर्ण दोष मिळण्याची चारात एकदा पाळी येते. मग ते लेकरू हाडं दुखतात म्हणून लोळतं, डोळे पिवळे होतात, आणि पुष्कळदा मोठंच होत नाही. तेवढ्यासाठी तर ती तपासणी होती, लग्नाच्या आधी कळावं म्हणून. नावं टाईप करायचं काम मला मिळालं. संस्थेचे गुणवंतराव, निवृत्त मास्तर, भला माणूस, खुर्ची टाकून माझ्या बाजूला बसले होते. आजूबाजूच्या तीन गावांची माणसं रांगेत. फॉर्ममध्ये फोनचा रकाना रिकामा सोडला तरी चालायचा, पण ईमेलचा नाही. तो भरल्याशिवाय मशीन पुढच्या माणसाकडे जायचंच नाही, तिथेच लाल होऊन बसायचं. निकाल म्हणे मेलनं जाणार होते, आणि ज्याला मेल नाही त्याला छापील चिठ्ठी घरपोच. मी रांगेतल्या मुखरूबाबाला विचारलं, ईमेल आहे का. सगळे हसले, तोही हसला, आणि म्हणाला, ‘टाक ना माय तुहाच. आमच्या चिठ्ठ्या तं तुह्याच घरी येत होत्या ना.’ गुणवंतराव म्हणाले, टाका टाका, काम पुढे सरकू द्या. मी माझ्या क्लासचा पत्ता टाकला. मग दुसऱ्याला टाकला. मग एकदा कॉपी करून दोनशे बारा जणांना चिकटवला. पटापट काम झालं म्हणून गुणवंतरावांनी चहा मागवला.

एका पत्त्यानं काय होतं ते मला मार्चमध्ये कळलं. निकाल आले, असेच गठ्ठ्यानं. आणि रकाना सगळ्यांचा भरलेला, म्हणून छापील चिठ्ठी एकालाही निघाली नाही. मी म्हटलं, येईल संस्थेचा माणूस गावात, समजावून सांगेल, ते डॉक्टरचं काम आहे, माझं नाही. शिवाय माझी सही होती कागदावर, कोणाचाही निकाल कोणालाही सांगणार नाही अशी. सही म्हणजे सही. पण मी एक उघडलं. आपल्या घरचं म्हणून. आचल धनराज, वय सतरा, वाहक. म्हणजे अर्धा. ती त्या वेळी माझ्याचकडे राहायची, अकरावी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात करत होती, आणि मी ते वाचलं तेव्हा मागे चटईवर बसून मुरमुरे खात इतिहास पाठ करत होती. मी खिडकी बंद केली. तिनं विचारलं, काय आलं आत्या? मी म्हटलं, जाहिरात. तेवढ्यावर ते संपलं. त्यानंतर ती आणखी सव्वा वर्ष माझ्याकडे होती, माझ्या ताटाला ताट लावून जेवली, तिला ताप आला की मी तिचे डोळे पाहायची पिवळे नाहीत ना म्हणून, आणि स्वतःलाच रागवायची, अगं अर्धा आहे, अर्ध्याला काही होत नाही. संस्थेचा माणूस आला नाही. मी वाट पाहत होते, असं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे तो येत नाही याचं मला बरं वाटत होतं.

सही हे निमित्तच. माझ्या डाव्या कोपरावर कोडाचा एक डाग आहे, चिंचोक्याएवढा. विसाव्या वर्षी मूल गावचं स्थळ आलं होतं, पोरगा पोस्टात होता, मला पाहून हसला होता. सगळं ठरलं. आमच्या शेजारची कलाबाई, मनानं चांगली बाई, तिनं त्या पाहुण्या बायांना पाणी देता देता सांगितलं, पोरगी लाखात एक आहे, कोपरावर थोडं आहे तेवढं पाहून घ्या, पुढं बोल नको. पुढं बोल नको म्हणून. ते लोक चहा पिऊन गेले आणि परत आले नाहीत, आणि गोष्ट तीन गावं फिरली. डाग आजही तेवढाच आहे. मी मात्र बाह्या लांब ठेवायला शिकले, आणि टायपिंग शिकले, मराठी तीस, इंग्रजी चाळीस. तेव्हापासून मनाशी एक पक्कं होतं की तोंड बंद ठेवणारं माणूस ते चांगलं माणूस. आचलच्या बाबतीत मी कलाबाई झाले नाही याचा मला अभिमान होता. अभिमान. हा शब्द लिहिताना आता लाज वाटते, पण होता तो, रोज सकाळी केसाला तेल लावताना आरशात मला तो दिसायचा.

आणि मग प्रफुल. वैनगंगेकाठच्या गावचा, ब्रह्मपुरी-वडसा काळीपिवळी जीप चालवतो, निर्व्यसनी, बोलायला मऊ. धनराजनं स्थळ आणलं, आचललाही पोरगा आवडला, ते तिनं लपवलं नाही. साक्षगंधाला मी त्याला कुंकू लावलं तेव्हा तो म्हणाला, आत्याबाई, मी तुमाले ओळखतो, तुमच्या त्या शिबिराले माणसं मीच आणली होती गाडीत, आणि बसल्या बसल्या मीबी रगत दिलं. सगळे हसले. म्हणजे तोही त्या दोनशे बारात आहे, त्याचंही पत्र माझ्याकडे आहे. घरी येऊन उघडून पाहायला पाच मिनिटं लागली नसती. मी उघडलं नाही. का नाही उघडलं ते मला विचारू नका, मीच स्वतःला विचारते आहे. आपल्या पोरीचं उघडलं ना, मग त्याचं का नाही? बहुतेक असं असेल की न उघडलेल्या पत्राचा जाब कोणी विचारत नाही. त्याऐवजी मी लग्नाची पत्रिका टाईप केली. त्या दोघांची नावं शेजारी शेजारी बसवली, अक्षरं दोनदा बदलून पाहिली, मधे एक फुलाचं चित्र घातलं.

आज मात्र उघडलं. पोरी गेल्यावर दार लोटून घेतलं आणि खालच्या जुन्या गठ्ठ्यातून प्रफुलचं नाव काढलं. वाहक. तोही अर्धा. मी गुणवंतरावांना फोन लावला. ते आता चंद्रपूरला मुलाकडे असतात. त्यांना कंपनीचं काही ठाऊक नव्हतं. याद्या नागपूरला दिल्या होत्या एवढं आठवत होतं, मेल पाठवणारे वेगळे, साठवणारे वेगळे, चोरी नेमकी कोणाकडे झाली ते त्यांना सांगता येईना. मी विचारलं, निकाल सांगायला गावात कोणी का आलं नाही? ते म्हणाले, ‘कमळाबाई, कशाला येणार? आमच्याकडे नोंद आहे. दोनशे बारापैकी दोनशे बारा पोचले.’ आवाजात आनंद होता त्यांच्या. मी फोन ठेवला. पोचले. माझ्यापर्यंत पोचले, आणि मी ते गावाच्या वतीनं ठेवून घेतले.

दुपारच्या काळीपिवळीत बसले, सुदैवानं प्रफुलची नव्हती. मागच्या सीटवर आम्ही पाच जणी, मांडीवर कोणाची तरी कोंबडी, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला, मोहाखाली बाया फुलं वेचत होत्या आणि तो गोड कुबट वास गाडीत येत होता. मला राग आला होता. त्या चोरांचा आला होता. कोण असतील, कुठल्या शहरातल्या कुठल्या माळ्यावर बसले असतील, मुखरूबाबाचं वय आणि गुणाबाईचं रक्त घेऊन ते करणार काय? गुणाबाईला स्वतःला माहीत नाही तिचं रक्त कसं आहे. ती माझ्या आईबरोबर रोज झिंगे वाळत घालते, तिचा नातू सारखा पाय दुखतात म्हणून रडतो, आणि त्याचं कारण कदाचित माझ्या मेलच्या डब्यात दोन वर्षांपासून पडून आहे. ज्यांना त्याच्याशी देणंघेणं नाही त्यांनी ते एका दिवसात नेलं. ज्यांचं होतं त्यांना मी दिलं नाही. हा हिशेब डोक्यात आला तेव्हा चोरांवरचा राग कसा कोण जाणे ओसरला, आणि तो मला हवा होता, राग असता तर बरं झालं असतं. बाजूची बाई म्हणाली, बाई, बरं वाटत नाई काय? मी म्हटलं, वास लागला मोहाचा.

मला एक सोपी वाटही सुचली, तीही सांगून टाकते. काहीच न सांगण्याची. बारा दिवस गेले की लग्न होईल, आणि चारातल्या तीन वेळा तर काहीच होत नाही. फाट्यापासून गावापर्यंतच्या तीन किलोमीटरात मी हे चार-पाच वेळा मनात धरलं आणि सोडलं. देवाधर्मानं नाही सोडलं. आचलला ताप आल्यावर मी तिचे डोळे पाहायची ना, ते आठवत होतं, आणि तिच्या लेकराचे डोळेही मला तसेच पाहावे लागतील, जन्मभर, एकटीला, हे मला सोसणार नव्हतं. म्हणजे तिथेही आधी माझाच विचार.

घरी पोचले तर आई अंगणात तांदूळ निवडत होती आणि आचल पदर खोचून भिंतीला चुना देत होती. लग्नघर. धनराज मांडवाचे बांबू आणायला गेला होता. आई म्हणाली, आज कशी आली वं, बॅच नाई? मी म्हटलं, सुट्टी दिली. आचलनं माझ्याकडे पाहिलं, ब्रश बादलीत टाकला, आणि हात न धुताच म्हणाली, चाल आत्या, पाळीवर जाऊ, मले तुह्याशी बोलाचं आहे. मी मनात जुळवत आणलेलं वाक्य तोंडातच राहिलं. तलावाला पाणी कमी झालं होतं, मधे बगळे उभे होते, मासे धरणाऱ्या सोसायटीची दोन डोंगी पालथी पडली होती. ती पाळीवरच्या दगडावर बसली. तिच्या बोटांना चुना होता, तो ती नखानं खरवडत होती.

तिनं सांगायला सुरुवात केली. आठ दिवसांपूर्वी प्रफुलला कोणाचा तरी फोन आला. हिंदी बोलणारा माणूस. त्याला प्रफुलचं नाव माहीत, गाव माहीत, शिबिरात रक्त दिलं ते माहीत. म्हणाला, तुम्हाला सिकलसेल आहे, आमचं औषध तीन महिने घ्या, मुळासकट जाईल. प्रफुलला वाटलं कोणी मित्र मस्करी करतो. त्यानं शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तेव्हा तो घाबरला आणि ब्रह्मपुरीत डॉक्टरकडे जाऊन पुन्हा रक्त तपासून आला. निघालं खरं, अर्धा. परवा दुपारी गाडी घेऊन इथे आला होता, भर उन्हात. घरात आला नाही, पाणी घेतलं नाही, आचलला अंगणाच्या कुडाशी बोलावून सगळं सांगितलं. म्हणाला, माह्यं असं आहे, तू आत्ताबी नाई म्हणू शकते, मी कोणाले कारण नाई सांगणार, माह्यावरच घेईन. हे सांगताना आचल चक्क हसली. तेवीस-चोवीस वर्षांचा ड्रायव्हर पोरगा, अंगणात उभा राहून बोलला एवढं. मी दोन वर्षं ज्यावर बसून होते ते त्यानं आठ दिवस ठेवलं नाही.

मी विचारलं, मग तू काय म्हणाली?

‘तो म्हणाला, डॉक्टर म्हणते, पोरीले नसन तं काई भेव नाई, लेकराले काई होत नाई. तुह्यं रगत तपासून घेऊ, मी नेतो गाडीत.’ आचल अजून हसत होती. ‘मी म्हणलं, माह्यं तपासाचं कामच नाई. माही आत्या तेच काम करते. त्या शिबिराचं सगळं तिच्याच हातून झालं. मले काई असतं, तं तिनं मले कवाचं सांगतलं असतं.’

बगळ्यांपैकी एक उडाला. ती माझ्याकडे पाहत होती, उत्तरासाठी नाही, तिच्या लेखी तो प्रश्न मिटलेलाच होता. मला हे सांगताना कोणी तरी मधे यावं, आईनं हाक मारावी, असं वाटत होतं. कोणी आलं नाही.

‘तुलेबी आहे, आचल,’ मी म्हणाले. ‘अर्धा. त्याच्यासारखाच. मले दोन वर्षांपासून माहीत आहे.’

ती रडली नाही. तिला लगेच कळलं, हुशार आहे ती, माझ्याचकडे शिकली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि ती मला पाहते आहे असं न राहता मला तपासते आहे असं झालं. मी बोलत सुटले. पत्र, पत्ता, सही, संस्थेचा माणूस, माझा डाग, कलाबाई, सगळं. तिनं ते ऐकलं की नाही ठाऊक नाही. मधेच तिनं विचारलं, त्या दिवशी जाहिरात म्हणाली होती ते का? मी हो म्हटलं. तिला तारीख आठवत होती. तिनं मुरमुऱ्यांचंही नाव घेतलं. मग मी पहिल्यांदा तिचा हात धरायला गेले तर तिनं तो झिडकारला नाही, नुसता काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, मी जातो त्याच्याकडे आत्ताच, मी सांगतो त्याले, धनराजलेबी मीच सांगतो, तुह्यावर काई येऊ देणार नाई.

‘त्याले मी सांगतो,’ ती म्हणाली. ‘तू आता कोणाचं काई नको सांगू. ज्याचं त्याले देऊन दे.’ आणि तिनं हात पुढे केला, मोबाईलसाठी.

मी दिला. तिनं नंबर पाहिला नाही, तोंडपाठ होता, चुन्याच्या बोटांनी दाबला. पलीकडे वाजायला लागलं तसं ती उठली आणि पाळीच्या उताराला लागली, पालथ्या डोंग्यांपलीकडे, मला ऐकू येणार नाही इतक्या लांब.